पोर्तुगालचा किनारा : आधी ओहोटीची वेळ, मग नकाशा

युरोपच्या सहलीत पोर्तुगालसाठी चार-पाच दिवस काढणाऱ्या मराठी पर्यटकांची संख्या आता बरीच आहे. त्यांच्याकडच्या याद्याही साधारण सारख्याच असतात : लिस्बनजवळचं काबो दा रोका, मोठ्या लाटांचं नाझरे, दक्षिणेला अल्गार्वमधली बेनाजिलची गुहा, लागोशचे सोनेरी कडे. फोटो पाहून नावं टिपायची, नावांवरून हॉटेलं ठरवायची आणि मग एकेका दिवसावर एकेक नाव बसवायचं, असा हा कार्यक्रम असतो. राजवाडे आणि संग्रहालयं बघायला ही पद्धत उत्तम, कारण संग्रहालय सकाळी दहाला असतं तसंच दुपारी चारला असतं. अटलांटिकचा किनारा तसा नाही. फोटोत जी पुळण चांगली शंभर पावलं रुंद दिसते, ती सहा तासांनी पूर्ण पाण्याखाली असू शकते. सकाळी आरशासारखा असलेला समुद्र दुपारी वाऱ्याने पिंजून निघतो, आणि तिथून पंधरा-वीस किलोमीटरवर, कड्याच्या पलीकडच्या बाजूला, त्याच वेळी मुलं निवांत डुंबत असतात. म्हणून पोर्तुगालच्या किनाऱ्याची आखणी नावांनी न करता भरती-ओहोटी, वारा आणि लाटेची दिशा यांवरून करावी. मुक्कामाचं गाव आधी पक्कं करा, रोजचा किनारा मात्र आदल्या संध्याकाळी ठरवा. असं का, ते नीट समजून घेतलं तर आखणी अवघड जात नाही.

भरती-ओहोटी आपल्याला नवी नाही. मुंबईत साडेचार मीटरहून उंच भरती येणार अशा बातम्या दर पावसाळ्यात छापून येतात, आणि उधाण कधी, भांग कधी हे कोकणातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. पोर्तुगालमध्ये उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पातळीत सुमारे साडेतीन मीटरचा फरक पडतो, भांगाच्या दिवसांत तो दीड मीटरच्या आसपास उतरतो. आकडा आपल्यापेक्षा मोठा नाही, पण किनाऱ्याची ठेवण वेगळी असल्यामुळे परिणाम मोठा होतो. अल्गार्वच्या पश्चिम भागात चुनखडी आणि वाळूखडकाचे कडे थेट समुद्रात उतरतात आणि त्यांच्या पायथ्याशी छोट्या छोट्या पुळणी असतात. ओहोटीला त्या एकमेकींना जोडल्या जातात. खडकातल्या कमानींखालून, भोकांतून या पुळणीवरून त्या पुळणीवर चालत जाता येतं, आणि लागोशच्या आसपास या चालण्यातच खरी मौज आहे. भरतीला तोच रस्ता बंद होतो. मागे उभा कडा, पुढे चढतं पाणी आणि परतीची कमान बुडालेली, अशा जागी माणसं अडकतात. इथे नियम एकच : पाणी उतरत असताना निघायचं आणि ओहोटीच्या ठरल्या वेळेला परत फिरायचं. पाणी चढायला लागल्यावर नव्या कमानीत शिरायचं नाही.

ही वेळ सांगणारे तक्ते पोर्तुगालच्या नौदलाशी संलग्न असलेली जलमापन संस्था प्रसिद्ध करते, आणि फोनवरही ते सहज मिळतात. पण घरबसल्या तारखा निवडायच्या तर भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा पुरतं. या किनाऱ्यावर अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत, तिथल्या उन्हाळी घड्याळाप्रमाणे, पूर्ण ओहोटी साधारण सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमारास येते, आणि रात्री पुन्हा त्याच सुमारास. तिथून रोज ती सरासरी पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे अष्टमीच्या आसपास दिवसाउजेडीची ओहोटी दुपारी साडेतीन-चारवर गेलेली असते. म्हणजे कमानींखालून चालायचं असेल तर पौर्णिमा-अमावास्येनंतरचे दोन-तीन दिवस अल्गार्वसाठी राखून ठेवावेत : सकाळी ऊन कोवळं, गर्दी यायची असते आणि पाणी सर्वांत खाली. अष्टमीचा आठवडा वाट्याला आला तर दुपारची ओहोटी घ्यावी, पण भांगाला पाणी फारसं उतरत नाही, त्यामुळे काही वाटा उघडणारच नाहीत हे गृहीत धरावं. तिथी बघून युरोपची सहल ठरवणं ऐकायला विचित्र वाटेल, पण चंद्र तिथेही तोच आहे.

आपल्याला खरोखर अपरिचित असते ती लाट. अरबी समुद्रात पावसाळा सोडला तर लाट बेताची असते. अटलांटिकमध्ये हजारो किलोमीटर दूर, उत्तरेकडच्या वादळात उठलेली लाट काही दिवसांनी पोर्तुगालच्या स्वच्छ, निरभ्र किनाऱ्यावर येऊन आदळते. आकाशात ढग नाही, वारा नाही, आणि तरी समुद्र अंगावर येतो, असं चित्र तिथे नवलाचं नाही. शिवाय लाटा एकसारख्या येत नाहीत. दहा-पंधरा मिनिटं बेताच्या लाटा आणि मग एकदम तीन-चार मोठ्या, असा त्यांचा क्रम असतो. पाच मिनिटं पाहून 'इथवर पाणी येत नाही' असा निष्कर्ष काढणारा इथेच फसतो. डिसेंबर २०१३ मध्ये लिस्बनच्या दक्षिणेला मेको इथल्या पुळणीवर रात्रीच्या वेळी सहा विद्यार्थी लाटेने ओढून नेले आणि दगावले. कोरड्या वाळूवर उभं राहिलं म्हणजे आपण समुद्राबाहेर आहोत असं हिवाळ्यातल्या या किनाऱ्यावर मानता येत नाही. मोठ्या लाटांच्या दिवसांत ओल्या खडकापासून, धक्क्याच्या टोकापासून आणि पुळणीच्या उतारापासून लांब राहावं. बघायचं ते उंचावरून.

उंचावरून बघायला नाझरेसारखी जागा नाही. गावासमोर समुद्राच्या तळाशी दोनशे किलोमीटरहून लांब अशी दरी आहे. दूर समुद्रात ती सुमारे पाच हजार मीटर खोल जाते आणि तिचं तोंड थेट किनाऱ्याजवळ येऊन थांबतं. खोल पाण्यात लाट वेगाने धावते, उथळ पाण्यात मंदावते. त्यामुळे दरीतून आलेली लाट आणि बाजूच्या उथळ तळावरून आलेली लाट उत्तरेकडच्या पुळणीसमोर, प्राया दो नोर्तेपाशी, एकमेकींवर चढतात आणि तिथे डोंगर उभा राहतो. ऑक्टोबर २०२० मध्ये जर्मन लाटस्वार सेबास्टियन श्टॉयडनर याने इथे जी लाट पार केली ती २६.२१ मीटर उंच होती, आणि गिनीजने तिची नोंद विक्रम म्हणून केली. पण हे वाचून नाझरेची तारीख पक्की करणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, मोठ्या लाटांचा मोसम साधारण ऑक्टोबर ते मार्च असतो आणि त्यातही असे दिवस मोजकेच. बाकीच्या दिवशी तिथे साधा खवळलेला समुद्र दिसतो. जुलैमध्ये जाऊन 'लाटाच नव्हत्या' म्हणून हिरमुसणारे पुष्कळ भेटतात. दुसरी, या पुळणीला लागून समुद्रात घुसलेल्या सुळक्याच्या दक्षिणेला, त्याच गावाला लागून, एक लांबरुंद पुळण आहे आणि उन्हाळ्यात ती कुटुंबांनी भरलेली असते. तिथे लाकडी चौकटींवर जाळ्या ताणून त्यांवर चिरलेले, उलगडलेले मासे उन्हात वाळत घातलेले दिसतात. वसई-अर्नाळ्याकडे बांबूंवर बोंबील सुकत घातलेले ज्याने पाहिले आहेत, त्याला हे दृश्य परकं वाटणार नाही. लाट नसली तरी या पुळणीसाठी, आणि फ्युनिक्युलरने वरच्या वस्तीत जाऊन दिसणाऱ्या देखाव्यासाठी, नाझरेला अर्धा दिवस द्यायला हरकत नाही. लाटेसाठीच जायचं तर मात्र लिस्बनमध्ये मुक्काम ठेवून, अंदाज पाहून आदल्या दिवशी बसचं तिकीट काढावं.

यानंतर वारा. उन्हाळ्यात पोर्तुगालच्या पश्चिम किनाऱ्यावर उत्तरेकडून वारा वाहतो, त्याला तिथे नोर्तादा म्हणतात. अझोर्स बेटांजवळ हवेचा दाब जास्त, स्पेनचा मधला भाग तापून तिथला दाब कमी, यामुळे हा वारा जून ते ऑगस्टमध्ये जवळजवळ रोजचाच. सकाळी तो हलका असतो, दुपारी जोर धरतो आणि संध्याकाळपर्यंत वाळू उडवत राहतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे हा वारा पृष्ठभागावरचं पाणी किनाऱ्यापासून पश्चिमेकडे लोटतो, आणि त्याची जागा घ्यायला तळाचं गार पाणी वर येतं. म्हणून भर जुलैत, बाहेर तीस अंश ऊन असताना, लिस्बनच्या उत्तरेला समुद्राचं पाणी सतरा-अठरा अंशांवर असतं. कोकणातल्या अठ्ठावीस अंशांच्या पाण्याची सवय असलेल्या शरीराला हा धक्काच आहे. एकदम सूर मारला तर श्वास अडकतो आणि चांगला पोहणाराही गडबडतो. पाणी आधी पायांना, मग हातांना आणि मानेला लावून हळूहळू उतरावं, आणि मुलांना दहा मिनिटांनी बाहेर काढावं. याच गार पाण्याबरोबर तळाची खनिजं वर येतात, त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि त्यांच्यावर सार्डिन पोसतात. जूनपासून गल्लोगल्ली कोळशावर भाजल्या जाणाऱ्या सार्डिनची चव या गारठ्यातूनच येते. मसाला काही नाही, फक्त जाडं मीठ. मासे खाणाऱ्या मराठी माणसाला पहिल्या घासाला ते अळणी वाटेल, तिसऱ्या घासाला वाटणार नाही. वाऱ्याचा आणखी एक धोका असा की अंग गार राहतं आणि ऊन जाणवत नाही. संध्याकाळी हॉटेलवर आल्यावर खांदे भाजलेले कळतात.

इथे पहिला आक्षेप येणारच : इतके पैसे मोडून, व्हिसाच्या रांगा लावून जायचं आणि पाण्यात उतरायचं नाही, तर मग गोवा काय वाईट होता? पोहण्यासाठी गोवा किंवा कोकणच चांगलं, हे सरळ मान्य करावं. पोर्तुगालला जाण्याचं कारण पोहणं नव्हे. कारण आहे तो कड्यांचा, कमानींचा, वाऱ्याने कोरलेल्या दगडाचा किनारा, आणि त्याच्या काठाने चालायच्या वाटा. अल्गार्वमध्ये प्राया दा मारिन्यापासून पश्चिमेकडे जाणारी 'सात लोंबत्या दऱ्यां'ची वाट एका बाजूने जेमतेम सहा किलोमीटर आहे आणि बेताच्या प्रकृतीच्या माणसालाही जमण्यासारखी आहे. उत्तरेकडे आलेंतेजो प्रांताच्या किनाऱ्याने जाणारी मच्छीमारांची वाट लांब पल्ल्याची आहे. तिचा एखादा टप्पा निवडून चालावं. त्याच किनाऱ्यावर सिनेश हे वास्को द गामाचं जन्मगाव मानलं जाणारं बंदर आहे. गोव्याशी नातं सांगणाऱ्यांनी तिथे तासभर थांबायला हरकत नाही, त्याहून जास्त नको. गावाच्या एका बाजूला आता मोठं औद्योगिक बंदर आहे.

आणि ज्यांना पाण्यात उतरायचंच आहे त्यांच्यासाठीही वाट आहे. अल्गार्वच्या पूर्वेकडे, फारो ते ताविरा या पट्ट्यात, रिया फोर्मोझा नावाची खाजणाची रांग आहे आणि तिच्यापुढे वाळूची लांबट बेटं. त्या बाजूला नोर्तादाचा जोर पोचत नाही, किनारा दक्षिणेकडे तोंड करून आहे, आणि उन्हाळ्याच्या शेवटी पाणी एकवीस-बावीस अंशांपर्यंत जातं. ओल्याँव किंवा ताविराहून छोट्या होडीने बेटावर जाता येतं. ताविराजवळच्या बारील पुळणीवर खाजण ओलांडून नेणारी छोटी आगगाडी आहे, आणि पुढे वाळूत रांगेने रोवलेले गंजके नांगर. एकेकाळी इथे ट्यूना पकडण्याचा मोठा धंदा होता, जाळी जागेवर धरून ठेवायला हे नांगर वापरत. मासा कमी झाला, धंदा बसला, नांगर राहिले. वयस्कर आईवडील आणि लहान मुलं सोबत असतील तर माझं मत स्पष्ट आहे : लागोशच्या पायऱ्या चढण्या-उतरण्यापेक्षा मुक्काम ताविराला करावा.

मग पश्चिमेकडच्यांनी काय करावं? नकाशात पोर्तुगालचा नैर्ऋत्य कोपरा बघा. साग्रेशपाशी किनारा काटकोनात वळतो. वरची बाजू पश्चिमेला तोंड करून, थेट अटलांटिकच्या लाटेसमोर. खालची बाजू दक्षिणेला, आडोशाची. या कोपऱ्यावर मुक्काम असेल तर लाटेचा अंदाज पाहून दिवस फिरवता येतो. वायव्येकडून मोठी लाट येतेय असं दिसलं तर साग्रेशच्या मारेता किंवा मार्तिन्यालकडे जावं आणि लाट बघायला संध्याकाळी साँव विसेन्तच्या दीपगृहापाशी. समुद्र शांत असेल तर पश्चिमेकडे कारापातैरा, अरिफाना किंवा ओदेसैशला जावं. ओदेसैशला नदी पुळणीला वळसा घालून समुद्राला मिळते, त्यामुळे एका बाजूला लाट आणि दुसऱ्या बाजूला गुडघाभर संथ पाणी, अशी दोन्हींची सोय आहे. फक्त ओहोटी लागल्यावर नदीच्या मुखापाशी ओढ फार असते, तिथे मुलांना सोडू नये. या भागात बस तुटपुंज्या आहेत, मोटार घ्यावी लागते. उजव्या बाजूने गाडी चालवायची सवय नसेल तर लागोशला राहावं. तिथवर लिस्बनहून रेल्वे जाते, साग्रेश तिथून तीसेक किलोमीटर, आणि बस आहे.

दुसरा आक्षेप सुट्ट्यांचा आहे, आणि तो जास्त वजनदार आहे. शाळा चालू असताना मुलांना घेऊन कोण जाणार? आपल्याकडे मोकळे दिवस दोन : मे महिना आणि दिवाळी. मे महिन्यात पोर्तुगालचं पाणी वर्षभरातल्या गार पाण्यांपैकी, बहुतेक किनाऱ्यांवर जीवरक्षक अजून नेमलेले नसतात, कारण तिथला स्नानाचा अधिकृत मोसम साधारण जूनमध्ये सुरू होऊन सप्टेंबरच्या मध्यावर संपतो. अल्गार्वमध्ये काही ठिकाणी तो जरा लवकर सुरू होतो आणि उशिरा संपतो. पण मेमध्ये कडे रानफुलांनी भरलेले असतात, दिवस मोठा असतो आणि हॉटेलं स्वस्त. चालण्यासाठी मे उत्तम, पाण्यासाठी नाही. दिवाळीत उलट : पाणी अजून त्या मानाने उबदार असतं, पण पावसाच्या सरी आणि पहिल्या मोठ्या लाटा सुरू झालेल्या असतात. नाझरेसाठी ही वेळ बरी, कमानींखालून चालण्यासाठी धोक्याची. मुलांच्या शाळेचं बंधन नसलेल्यांनी मात्र सप्टेंबर आणि ऑक्टोबरची सुरुवात सोडू नये. पाणी सर्वांत उबदार, नोर्तादा मंदावलेला, युरोपातल्या शाळा उघडल्यामुळे गर्दी ओसरलेली. आपल्याकडे बऱ्याचदा तो पितृपक्षाचा काळ असतो, लग्नकार्यं नसतात, कुणाच्या आमंत्रणाला नाही म्हणावं लागत नाही. या दिवसांतली उधाणं वर्षातल्या मोठ्या उधाणांपैकी असतात, म्हणून ओहोटीला वाळू भरपूर मिळते आणि भरतीची काळजीही तितकीच घ्यावी लागते. जुलै-ऑगस्ट शक्यतो टाळावा. अल्गार्वमध्ये तेव्हा गाडी लावायला जागा मिळत नाही.

कड्यांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण समुद्राला घाबरणारी माणसं कड्याला घाबरत नाहीत. अल्गार्वचा सुंदर पिवळा दगड ठिसूळ आहे, आणि तो कोसळतो म्हणूनच कमानी आणि खांब तयार होतात. ऑगस्ट २००९ मध्ये अल्बुफैराजवळच्या मारिया लुइझा पुळणीवर कड्याचा भाग ढासळून खाली बसलेले पाच जण दगावले. भर दुपारच्या उन्हात कड्याची सावली मोहात पाडते. तिथे सतरंजी पसरायची नाही. कडा जितका उंच, निदान तितकं अंतर तरी राखून बसावं, आणि धोक्याच्या पाट्या शोभेच्या समजू नयेत. वरून चालतानाही काठाला टेकून फोटो काढू नये, कारण पायाखालचा भाग आतून पोखरलेला असतो आणि वरून ते दिसत नाही. बेनाजिलच्या गुहेबाबत तर २०२४ पासून नियमच कडक झाले आहेत : पोहत आत जाता येत नाही, आतल्या वाळूवर उतरता येत नाही, कायाक घ्यायची तर मार्गदर्शकासोबतच. वाळूवर उभं राहून वरच्या भोकातून आलेल्या उन्हात काढलेले जे फोटो अजून फिरतात ते जुने आहेत. त्या फोटोसाठी दिवस घालवण्यापेक्षा सकाळी लवकर, ओहोटीच्या वेळी, लागोशच्या पोंता दा पिएदादेभोवती छोट्या होडीने फिरावं. कमी प्रसिद्ध गुहा जास्त जवळून दिसतात.

तिसरा आक्षेप आरामप्रिय माणसाचा : सुट्टीत तक्ते आणि अंदाज कोण बघणार, सहल कंपनी नेते तिथे जावं. कंपनीबरोबर जाण्यात गैर काही नाही, पण बस ठरलेल्या वेळेला निघते आणि समुद्र तिच्यासाठी थांबत नाही. दहा दिवसांत तीन देश अशा सहलीत काबो दा रोकाला पाऊण तास मिळतो. तेवढ्यात युरोप खंडाच्या मुख्य भूमीचं पश्चिम टोक पाहिल्याचं समाधान आणि वाऱ्याने विस्कटलेले केस, एवढंच पदरी पडतं. तक्ता बघायला रोज रात्री पाच मिनिटं लागतात. पोर्तुगालच्या हवामान खात्याच्या संकेतस्थळावर लाटेची उंची, दिशा आणि वाऱ्याचा अंदाज इंग्रजीतही मिळतो. दोन मीटरच्या वर लाट आणि पश्चिमेकडची पुळण असा जोड दिसला की त्या दिवशी पाण्याचा विचार सोडायचा. बाकी काम निशाणं करतात : हिरवं म्हणजे पोहा, पिवळं म्हणजे पाय भिजवा पण पोहू नका, लाल म्हणजे पाण्यात पाऊल नाही, आणि निळ्या-पांढऱ्या चौकटींचं म्हणजे जीवरक्षक तात्पुरता जागेवर नाही. निशाणच नसेल तर तो किनारा बघण्यासाठी आहे असं समजावं. प्रवाहाने आत ओढलं तर किनाऱ्याकडे झुंजत न बसता किनाऱ्याला समांतर पोहत त्या ओढीतून बाहेर पडावं. आणीबाणीचा फोन नंबर ११२.

हातात लिस्बनचे दोनच दिवस असतील तर अल्गार्वच्या वाटेला जाऊ नये. लागोश लिस्बनहून तीनशे किलोमीटरवर आहे. एका दिवसात जाऊन येण्यात समुद्राच्या वाट्याला दोन तास येतात, आणि ते भरतीचे निघाले तर तेही वाया. त्यापेक्षा काइश दो सोद्रे स्टेशनवरून काश्काइशची लोकल पकडावी. चाळीस मिनिटांचा हा मार्ग आधी नदीच्या आणि मग समुद्राच्या काठाने जातो. वाटेत कार्काव्हेलोशला उतरून पुळणीवर चालावं, पुढे काश्काइशला संध्याकाळ घालवावी. जूनच्या अखेरीस तिथे सूर्य नऊनंतर मावळतो. अल्गार्वसाठी किमान चार रात्री हाताशी असतील तेव्हाच खालचं तिकीट काढा.